काळ्या मुठीचा वस्तरा

हल्ली माझ्या दुकानात कॉलेजची पोरं येऊन वस्तरा मागतात. दुकान साताऱ्यात आहे, जुन्या यंत्रांचं आणि हत्यारांचं. औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना बंद पडला की त्याच्या लेथ, ड्रिल, पाने, कानशी मी उचलतो आणि ज्याला लागतील त्याला विकतो. वस्तरा हा माझा माल नव्हे. पण जुन्या सामानाच्या ढिगात कधीतरी एखादा निघतो, आणि ह्या पोरांनी मोबाइलवर कुणाला तरी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाहिलेलं असतं.

"काका, पयल्यांदाच घ्यायचा तर कसला घ्यावा?"

मी सांगतो. मूठ बघून भुलू नकोस, मूठ बदलता येते. आधी मिटून बघ. पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर खाली ठेव. खिळ्यापाशी गंज आहे का बघ. टोक गोल घे. चौकोनी टोक रुबाबदार दिसतं, पण नवख्याच्या हातात ते आधी कान शोधतं. पातं फार रुंद नको, नाकाखाली मावत नाही. फार अरुंदही नको, गालावर वळवळतं. आणि पट्टा घेणार नसशील तर वस्तरा घेऊच नकोस, त्यापेक्षा ब्लेड बरं.

पोरं भारावून जातात. "काका, तुमाला एवढं कसं ठावं?"

मी म्हणतो, धंद्यात कळतं. धंद्यात काही कळलेलं नाही. हे सगळं मला एका माणसानं शिकवलं. पण ते सांगितलं की त्या माणसाचं कौतुक करावं लागेल, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मी माण तालुक्याकडच्या कोरड्या पट्ट्यातला. घरी मेंढरं. साताऱ्यात आलो तेव्हा एका वर्कशॉपमध्ये हेल्परचं काम आणि सुटीच्या दिवशी भंगारातली हत्यारं घासूनपुसून विकायची, असं सुरू केलं होतं. राहायला खोली मिळाली ती किल्ल्याच्या पायथ्याशी, एका निवृत्त सुभेदारांकडे. त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. पुढे अंगण, अंगणात पाण्याची टाकी आणि टाकीच्या भिंतीला ठोकलेला आरसा. बायको वारलेली, मुलगा फौजेत लांब कुठंतरी. मूळ गाव मेढ्याकडच्या डोंगरात. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना आबा म्हणायचो.

आबा उंच, काटकुळे, आणि गाल असे की जणू रोज चिंच लावून घासलेलं तांब्याचं भांडं. सकाळी उजाडलं की टाकीपाशी त्यांची दाढी सुरू. ब्रशनं फेस, पट्ट्यावर वस्तऱ्याचे फटकारे, मग मान वर करून ते गळ्यावरून असा काही हात ओढायचे की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. ब्लेडच्या दाढीला ते 'झाडलोट' म्हणत. आणि ज्यानं दाढीच केली नसेल त्याच्याशी बोलत नसत. तो समोर उभा असला तरी दुसऱ्याला सांगत, "त्या झुडपाला सांग, नळ बंद कर म्हणावं."

झुडूप शेजारीच उभं असायचं. आम्ही त्याला सांगायचो, "आबा म्हणत्यात नळ बंद कर."

"ऐकलं की रं मी."

"झुडूप काय म्हणतंय?" आबा आम्हाला विचारायचे.

दुसरी त्यांची खोड जास्त अवघड होती. माणूस जे बोलेल ते आबा खरं धरत. शब्दाच्या मागे आणखी काही असतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून "चहा घेणार का?" म्हणाल्या, की आबा चपला काढून आत. काकूंच्या घरात दूध असो नसो. एकदा एका भाडेकरूचं पोट दुखायला लागलं. तो कॉटवर पडून म्हणाला, "मरतो आता मी." आबांनी पळत जाऊन रिक्षा आणली, त्याला उचलून तीत घातलं आणि वर त्याच्या घरी फोन केला की मुलगा मरतोय म्हणतोय, या. घरची माणसं रडत साताऱ्यात पोचली तेव्हा हा केळं खात बसला होता. सगळे आबांवर ओरडले. आबा शांतपणे म्हणाले, "त्यो बोलला न्हवं? झालं मग."

हे त्यांचं पालुपद होतं. बोललास न्हवं? झालं मग.

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगतो. माझ्याच खोलीत माझा पार्टनर होता. पलूसचा. उसाच्या बागायतदाराघरचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं आणि त्यानं वाचलं तर तो खूश होईल, आणि त्याला खूश करण्याची मला इच्छा नाही. तो साताऱ्यात एका खतांच्या कंपनीत कामाला होता. गोरा, गुबगुबीत, सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा. भाजीवाली जो भाव सांगेल तो देणारा. मी त्याला म्हणायचो, "अरं जरा घासाघीस कर की, तुझ्यामुळं आमालाबी म्हाग देतात." तो हसायचा. त्याला राग यायचा नाही. मला दोघांचा यायचा, माझ्या वाटचा आणि त्याच्या वाटचा.

एकदा त्याचे वडील गूळ घेऊन आले. अंगणात बसून निघताना रीत म्हणून बोलले, "सुभेदारसाब, या की एकदा आमच्याकडं. ऊस खायला."

आबा तिसऱ्या दिवशी एसटीनं पलूसला हजर. गेले ते चांगले रमले. गुऱ्हाळावर बसले, विहिरीत पोहले, परत आले ते त्या घरातल्या बैलांची नावं पाठ करून. मग महिनाभर अंगणात पलूस, पलूस. तिथलं पाणी, तिथली माती, तिथल्या माउलीच्या हातची भाकरी.

मी ऐकत होतो. एक दिवस त्यांनी मलाही विचारलं, "तुझ्या गावाला काय असतं रं?"

"काय असणार आबा? दगडं आन् मेंढरं. बघण्याजोगं काय न्हाई."

आमच्याकडे असंच बोलायची पद्धत आहे. आपलं कमी करून सांगायचं, मग समोरचा म्हणतो, "छे छे, येतोच एकदा." आबा म्हणाले, "बरं." आणि विषय संपला. तिकडे माझा बाप फोनवर विचारत राहिला, "तुझं सुभेदार कवा येत्यात? बकरं राखून ठेवलंय." मी काय सांगणार?

ह्या सगळ्यात आम्हा दोघांना वस्तऱ्याचं वेड लागलं होतं. सुरुवात माझी. मला वाटलं, हा म्हातारा ज्याच्या हातात वस्तरा देईल तो ह्याच्या मर्जीतला. पलूसच्याला काही वाटलं नव्हतं. मी शिकायला बसलो म्हणून तोही येऊन बसला.

शिकवायची रीत अशी. फुगा फुगवायचा, त्याच्यावर साबणाचा फेस लावायचा आणि आबांचा एक सरावाचा वस्तरा घेऊन तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की नवा फुगा. आमच्या अंगणात सकाळी असे बार उडायचे की शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडं लगीन हाय का? सगळे बार माझे. माझा हात तापट. पलूसच्याच्या फुग्याचा कधी आवाज आला नाही. तो फुग्यावरून असा हात फिरवायचा जसा कुणी झोपलेल्या पोराच्या तोंडावरून फिरवतो. आबा त्याच्याकडे बघत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "जल्दबाजी नगं, जवान."

हळूहळू माझाही फुगा टिकायला लागला. मग एका रविवारी आबांनी ओट्यावर त्यांचा हिरवा फौजी टॉवेल पसरला आणि त्यावर पाच-सहा वस्तरे मांडले. नोकरीत असताना ठिकठिकाणांहून गोळा केलेले. म्हणाले, "दोघांनी हातात घ्या. बघा. कुठला कसा वाटतोय ते बोला. मग ठरवू."

त्यांतला एक बघितला आणि बाकीचे मला दिसेनासे झाले.

शिंगाची काळी मूठ, तिच्यावर गुळगुळीत तकाकी. पातं आतून पोकळ घासलेलं, इतकं पातळ की नखानं टिचकी मारली तर बारीक नाद यायचा आणि थोडा वेळ रेंगाळायचा. गोल टोक. मिटला की पातं मुठीच्या मधोमध. उचलून तोलून बघितला तर बोटावर झोपला. पहिला वस्तरा घेणाऱ्यानं जे जे बघावं ते सगळं त्याच्यात होतं. मला तो हवा होता. मला आयुष्यात पुढे घर हवं होतं, दुकान हवं होतं, पण त्या सकाळी जितका तो वस्तरा हवा होता तितकं काही हवं झालेलं मला आठवत नाही.

आणि शेजारी पलूसचा उभा होता.

आता माझ्या बापानं मला आठवड्याच्या बाजारात नेऊन जे शिकवलं ते सांगतो. जी मेंढी आवडली तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. तिच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर खोट काढायची. दात झिजलेत, पाय आखडलाय, लोकर विरळ आहे. आणि शेजारच्या मरतुकड्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचं, काय जनावर हाय! विकणारा फसतो. दुसरं गिऱ्हाईकही फसतं, आपल्या आवडीकडे बघेनासं होतं. शेवटी आपण जाता जाता, उपकार केल्यासारखं, हवी ती मेंढी घेऊन निघायचं. ह्या विद्येवर माझं आजचं दुकान उभं आहे.

मी काळा वस्तरा खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"हा दिसायला बरा हाय आबा, पर नाजूक. पातं लय पातळ. जरा राठ दाढी लागली की थरथरणार. मूठ शिंगाची, उन्हात पिळवटती. आमच्यासारख्याच्या कामाचा न्हाई."

आबा ऐकत होते.

मग मी टॉवेलावरचा सगळ्यात भिकार वस्तरा उचलला. त्याची मूळ मूठ कधीच गेली होती. कुणीतरी बाभळीच्या लाकडाची मूठ घासून बसवलेली, एका बाजूला जरा जाड. पातं रुंद, जड, पाठ बोटासारखी. खिळ्यापाशी गंजाचा डाग. मी त्याच्यावरून हात फिरवला, बाप मेंढीवरून फिरवायचा तसा.

"आन् हा बगा. ह्याला म्हणायचं वस्तरा! वजन बगा ह्याचं. आजकाल असली चीज कोण करतंय? आबा, ही मूठ कुणी केलीय कुणास ठाऊक, पर जीव लावून केलीय. हातात घेतला की सोडू वाटत न्हाई."

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"खरं सांगतोस?"

"आवं आबा, खोटं कशापायी बोलू?"

त्यांनी तो बाभळीचा वस्तरा माझ्या हातातून घेतला, टॉवेलच्या कोपऱ्यानं पुसला, पुन्हा माझ्या हातात ठेवला आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटली. "घे मग. तुझा."

मी काही बोलायच्या आत ते पलूसच्याकडे वळले. "आन् तुझं काय?"

पलूसच्यानं काळा उचलला. "मला हा आवडलाय आबा."

"का रं?"

"चांगलाय की." त्यानं जरा विचार केला. "काळा हाय."

काळा हाय! पातं बघितलं नाही, तोल बघितला नाही, टिचकी मारली नाही. काळा हाय. म्हशीलाही कुणी एवढ्यावर पसंत करत नाही.

"घे," आबा म्हणाले. "तुझा."

टॉवेल गुंडाळला गेला. मी अंगणात बाभूळ घेऊन उभा.

तासाभरानं मला राहवलं नाही. मी आबांच्या खोलीत गेलो. "आबा, मी सकाळी बोललो ते तसं न्हवं."

"मग कसं?"

"म्हंजे... मला खरं तर तो काळा..."

"तू म्हणलास नाजूक हाय."

"म्हणलो, पर..."

"पातं थरथरणार म्हणलास."

"आवं आबा, तसं बोलायचं असतं!"

"कुणी सांगितलं?" त्यांनी खरोखर विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "तू बोललास न्हवं? झालं मग."

मी इतका तापलो की दार आपटून बाहेर पडलो. मग पार्टनरला धरलं. म्हणालो, काय घेशील बोल, आणि तो काळा मला दे. तो कॉटवर बसून मुठीला खोबरेल तेल लावत होता. "आबांनी दिलेला इकायचा कसा गड्या?" एवढंच म्हणाला, आणि हसला. एक भांडण तरी करावं माणसानं. तेही नाही.

त्यानंतर आबांनी एक नवीन छळ सुरू केला. येईल त्याला माझी ओळख करून द्यायचे, "ह्या पोराला पारख हाय. चीज वळखतो." लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. मला वाटायचं, म्हातारा मला टोचतोय. एवढ्यावर थांबले नाहीत. बाजारात जाताना मला बरोबर न्यायला लागले, पारख म्हणून. एकदा त्यांना बादली घ्यायची होती. चांगली जाड पत्र्याची बादली. मी सवयीनं दुकानदाराला म्हटलं, "पत्रा पातळ दिसतोय. महिन्याभरात गळंल ही."

दुकानदार म्हणाला, "आरं, हत्ती उभा ऱ्हाईल तिच्यावर. पर घे, तुझ्यासाठी कमी करतो."

आबांनी बादली खाली ठेवली. "नगं. गळकी हाय."

"आबा, गळकी न्हाई ती!" मी कानात म्हणालो.

"आत्ता तर म्हणलास."

"ते त्याला म्हणलो. तुमाला न्हवं."

"बादली एकच हाय की रं," आबा म्हणाले. "त्याला गळती आन् मला न्हाई?"

दुकानदार पोट धरून हसायला लागला. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. आबा पुढे पंधरवडाभर कळशीनं पाणी भरत होते, चांगली बादली मिळत नाही म्हणून.

मी पुढे खोली सोडली. आधी गाळा घेतला, मग दुकान, मग घर. कुणाचा आधार नव्हता, कुणाचं काही देणं लागत नाही. रोज सकाळी मात्र दाढी त्या बाभळीच्या धोंड्यानंच. कारण असं की तो मिळाल्यावर मी चिडून ठरवलं होतं, ह्यालाच असा चालवीन की काळा बघत राहील. सहाणेवर घासघासून गंज काढला, पाठ सारखी केली, धार आणली. चांगले वस्तरे माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. एकेक असा की गिऱ्हाईक बघून हरखावं. मी विकून टाकले. त्यांतला एकही काळा नव्हता. म्हणजे मुठी काळ्या होत्या, पण तो नव्हता.

आबा शेवटी थकले आणि मेढ्याकडच्या गावी जाऊन राहिले. तिथेच गेले. कळल्यावर मी गाडी काढून पोचलो. बघतो तर पलूसचा माझ्या आधी येऊन, बाह्या वर करून, आल्यागेल्याला पाणी देतोय. घरातल्या बायका त्याला नावानं हाक मारून सामान कुठं ठेवायचं विचारत होत्या. मला एकीनं विचारलं, "तुमी कुठलं?" मी सांगितलं साताऱ्याचा, जुना भाडेकरू. तिनं मला पाहुण्यांच्या सतरंजीवर बसवलं. पलूसचा मला बघून पुढे आला, मिठी मारली आणि रडला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. मला रडू येईना. मनात एकच: ह्यानं इथंही काळा उचलला.

आता दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. पलूसला एक बंद पडलेलं वर्कशॉप विकायचं होतं. मी लेथ बघायला गेलो. काम झाल्यावर पाय आपोआप त्याच्या घराकडे वळले. आपोआप म्हणजे पत्ता विचारत.

दार त्यानंच उघडलं आणि मी बघतच राहिलो. छातीपर्यंत पांढरी दाढी!

"झुडूप!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो इतका हसला की आतून बायको बघायला आली. "कातडीचा तरास झाला रं," म्हणाला. "डॉक्टर म्हणला, पातं लावायचं न्हाई. मग सोडलीच. आबा असतं तर माझ्याशी बोललं नसतं."

"आणि वस्तरा?" मी बसण्याआधीच विचारलं.

"कपाटात हाय की. कवापासनं काढला न्हाई."

कपाटात! मी इतकी वर्षं रोज सकाळी आरशासमोर ज्याच्या नावानं जळतो तो कपाटात, आणि मालक दाढी वाढवून बसलाय. चहा आला. मी तो कसा प्यायलो माहीत नाही. एवढ्यात त्यानंच विचारलं, "तुझा हाय का अजून? बाभळीचा?"

"हाय. रोज त्यानंच करतो."

त्यानं चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "नशीबवान हायस गड्या. मला लय वाईट वाटलं हुतं तवा."

"कशाचं?"

"तुला म्हाईत न्हाई?" त्यानं कप खाली ठेवला. "तो आबांचा पहिला वस्तरा. भरती झालं तवा पलटणीतल्या न्हाव्यानं त्यांना दिलेला. मूठ मोडल्यावर बाभळीची मूठ त्यांनी सोता केली, सीमेवर बसून. टॉवेलावर मांडला हुता तो नुसता गंमत म्हणून, कुणी घ्यावा म्हणून न्हवं. आन् तू बघितल्या बघितल्या त्यालाच हात घातलास. ही मूठ जीव लावून केलीय, म्हणलास. शेवटच्या आजारात मी गेलो तवाबी तेच सांगत हुतं. 'त्या माणच्या पोरानं माझा वस्तरा वळखला. पारख हाय त्याला.' मला बाजारातला दिला रं. तुला त्यांचा दिला."

मी भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर काही नव्हतं.

"मला वाटलं हुतं तुला ठावं हाय," तो म्हणाला. "म्हणून तर मेढ्याला तू रडला न्हाईस. म्हणलं, ह्याच्याकडं आबाच हायत, हा कशाला रडंल."

तो उठला, कपाट उघडलं, एक मऊ फडकं आणून माझ्यासमोर उलगडलं. काळा वस्तरा. शिंगावर तीच तकाकी. मी उघडला, नखानं टिचकी मारली. तोच बारीक नाद, तसाच रेंगाळणारा.

"अदलाबदल करू या का?" पलूसचा म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं जे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याला काहीतरी हवं होतं. "मला दाढी करायची न्हाई. नुसता जवळ ठेवायचा हाय. तू हा घे, तुला तवाबी पाहिजे हुता. मला आबांचा दे."

समोर काळा होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. बाभळीचा साताऱ्यात घरी होता, आरशाखालच्या फळीवर, सकाळचा पुसून ठेवलेला. त्याच्या मुठीचा जाड भाग माझ्या अंगठ्याखाली कुठं येतो ते मला तिथं बसल्या बसल्या जाणवत होतं. तो द्यायला नको वाटत होता. आणि हा ठेवायला नको वाटत होता. मला जरा वेळ हवा होता, भाव करायला असतो तेवढा वेळ. म्हणून तोंड आपलं आपण चालू झालं.

"खिळा जरा सैल झालाय," मी म्हणालो. "आणि पातं बघ, पडून पडून बोथटलंय. नाजूकच होता हा पहिल्यापासून."

पलूसच्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वस्तरा माझ्या हातातून घेतला, सावकाश मिटला, फडक्यात गुंडाळला.

"मग ऱ्हाऊ दे गड्या," तो म्हणाला. "तुला पसंत न्हाई तर कशाला."

"अरं, तसं न्हवं..."

"तू बोललास न्हवं?" तो दाढीतल्या दाढीत हसला. "झालं मग."

आणि कपाटाचं दार लागलं.

लेथ मी चांगल्या भावात आणली. येताना सगळ्या रस्त्यात माझं लक्ष लेथकडे नव्हतं. आता पलूसच्याला माझा हेवा वाटतो, हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पहिल्या टोलनाक्यापर्यंत. पुढे मला दिसायला लागलं की तो आता त्या घरात बसून आबांचं पालुपद म्हणतो. मला वस्तरा मिळाला आणि त्याला वस्तऱ्याबरोबर ते बोलणंही मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेस लावला, बाभळीचा पट्ट्यावर फिरवला आणि गालावर ठेवला. जड आहे. चांगला जड आहे. काळाही मला हवाच आहे. दोन्ही हवे आहेत. त्या रविवारी टॉवेलासमोर मी एवढंच बोललो असतो, "आबा, मला दोन्ही पाहिजेत," तर त्या माणसानं दोन्ही काढून दिले असते. तो तसलाच होता.